रिकाम्या पोटी व्यायाम: पहिल्या सहा आठवड्यांसाठी मार्गदर्शन

पहाटे पाचच्या सुमारास परभणी, लातूर किंवा नांदेडच्या एखाद्या मैदानावर गेल्यास तेथे दोन प्रकारचे लोक भेटतात. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली गटागटाने पळत असतात, आणि कडेच्या वाटेने, डॉक्टरांनी चालण्याचा सल्ला दिल्यामुळे नुकतेच बाहेर पडू लागलेले मध्यमवयीन स्त्री-पुरुष चालत असतात. दोघांचाही पहिला प्रश्न एकच असतो: काही खाऊन यावे की रिकाम्या पोटी यावे? उत्तर बहुधा शेजारी चालणाऱ्याकडून किंवा मोबाइलवर आलेल्या चित्रफितीतून मिळते. रिकाम्या पोटीच चरबी जळते, असे एकजण ठामपणे सांगतो. न खाता पळाल तर अंगातले मांस झडेल, असे दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो.

शारीरिक शिक्षण शिकवताना हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर नीट लिहून ठेवावे असे वाटले. माझे मत आरंभीच सांगतो. निरोगी प्रौढ माणसाने सकाळी काही न खाता, बोलता येईल इतक्या वेगाने, तासाभराच्या आत चालणे सुरक्षित आहे आणि अनेकांना ते सोयीचेही पडते. मात्र केवळ पोट रिकामे ठेवल्यामुळे वजन अधिक लवकर उतरते, ही समजूत खरी नाही. खाऊन जायचे की न खाता, हे तीन गोष्टींवरून ठरवावे: व्यायाम किती वेळ करणार, किती जोराने करणार, आणि आदल्या रात्री काय व किती वाजता जेवलात. याचे कारण समजण्यासाठी शरीर आपले इंधन कोठे ठेवते, हे आधी पाहावे लागेल.

पोट रिकामे, पण कणगी भरलेली

रात्री आठ वाजता भाकरी, वरण आणि भाजी असे जेवण झाले, तर त्यातील कर्बोदकांची साखर होऊन ती पुढील काही तासांत रक्तात येते. इन्शुलिन हे संप्रेरक तिला दोन ठिकाणी पोहोचवते, यकृतात आणि स्नायूंत. तेथे ती ग्लायकोजेन नावाच्या साठ्याच्या रूपाने ठेवली जाते. यकृतातील हा पदार्थ फ्रेंच शास्त्रज्ञ क्लॉद बेर्नार यांनी १८५७ मध्ये वेगळा काढून दाखवला. साधारण प्रौढ माणसाच्या यकृतात ८० ते १०० ग्रॅम आणि सर्व स्नायूंत मिळून ३०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन मावते. या तुलनेत, एखाद्या क्षणी रक्तात फिरत असलेली साखर अगदीच थोडी, सुमारे चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढी असते. हा एक चमचा सतत भरलेला ठेवण्यासाठी यकृत रात्रंदिवस काम करते.

या दोन साठ्यांत एक मोठा फरक आहे आणि नवशिक्याने तो पक्का लक्षात ठेवावा. यकृताचा साठा गावच्या सामाईक कणगीसारखा असतो. त्यातून मेंदूसह सर्वांना वाटा मिळतो. स्नायूंचा साठा ज्याच्या त्याच्या घरातील कणगीसारखा असतो, कारण साखर पुन्हा रक्तात सोडण्यासाठी जे विकर (एन्झाइम) लागते ते स्नायूंत नसते, आणि म्हणून मांडीतील साखर मांडीलाच उपयोगी पडते. स्वीडनचे योनास बेरीस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोघांनी १९६६ मध्ये ही गोष्ट स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करून दाखवली. दोघांनी एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून प्रत्येकी एकाच पायाने, दमून जाईपर्यंत पॅडल मारले आणि नंतर सुईने मांडीच्या स्नायूचे कण काढून तपासले. काम केलेल्या पायातील ग्लायकोजेन जवळजवळ संपले होते आणि विश्रांती घेतलेल्या पायातील साठा जागच्या जागी होता. पुढील दिवसांत कर्बोदकांचा भरपूर आहार घेतल्यावर दमलेल्या पायातील साठा पूर्वीपेक्षाही जास्त भरला, तर दुसऱ्या पायात फारसा फरक पडला नाही.

आता रात्रीच्या उपवासाचा हिशेब मांडू. झोपेत स्नायू मुख्यतः मेदावर भागवतात. मेंदूला मात्र दिवसाला १०० ते १२० ग्रॅम साखर लागते, म्हणजे तासाला सुमारे पाच ग्रॅम. रात्री आठला जेवून सकाळी सहाला उठलेल्या माणसाच्या यकृतातील साठा त्यामुळे निम्म्याच्या आसपास आलेला असतो. स्नायूंचा साठा रात्रभर वापरलाच गेलेला नसतो. सकाळी पोट रिकामे असले तरी पाय भरलेले असतात, आणि तुम्हाला चालवायचे काम पायांचे असते.

तिसरा साठा मेदाचा. ६० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात २० टक्के मेद धरला तर तो १२ किलो होतो, आणि त्यात ८०,००० किलोकॅलरींहून अधिक ऊर्जा असते. ग्लायकोजेनचा सारा साठा मिळून दोन हजारांच्या आसपास जातो. असे असूनही शरीर सगळे काम मेदावर का करत नाही, हा प्रश्न कोणत्याही विचारी माणसाला पडावा.

वेग वाढला की इंधन बदलते

मेद हे संथ इंधन आहे. मेदपेशींतून मेदाम्ले सुटायची, रक्तातील प्रथिनाच्या आधाराने स्नायूंपर्यंत पोहोचायची, पेशीच्या आत ऑक्सिजनच्या साहाय्याने जळायची, या सर्वांना वेळ लागतो. ग्लायकोजेन स्नायूच्या आतच असते, ते चटकन मोकळे होते, तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये मेदापेक्षा थोडी जास्त ऊर्जा देते, आणि ऑक्सिजन अपुरा पडत असतानाही थोडा वेळ कामी येते. म्हणून सावकाश चालताना मेदाचा वाटा मोठा असतो, वेग वाढेल तसा साखरेचा वाटा वाढत जातो, आणि जोराने धावताना जवळजवळ सर्व भार साखरेवर पडतो. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पूर्ण करून रौप्यपदक मिळवले. अशा आठ मिनिटांत मेदाला फारसे स्थान नसते, तेथे स्नायूंतील ग्लायकोजेनच कामी येते.

येथे एक गैरसमज दूर करावा लागतो. पहिली वीस मिनिटे साखर जळते आणि त्यानंतर चरबी जळू लागते, असे अनेकजण सांगतात. शरीरात असे कोणतेही बटण नाही. दोन्ही इंधने पहिल्या पावलापासून एकाच वेळी वापरली जातात आणि बदलते ते केवळ त्यांचे प्रमाण.

सकाळी न खाता निघाल्यास इन्शुलिनची पातळी खाली असते, त्यामुळे मेदपेशी मेदाम्ले अधिक मोकळेपणाने सोडतात आणि चालताना मेदाचा वाटा वाढतो, एवढे खरे आहे. हा वाटा किती असतो, ते मात्र आकड्यांत पाहावे. ६० किलोचा माणूस तासात पाच किलोमीटर चालला तर सुमारे २०० किलोकॅलरी खर्च होतात. खाऊन निघालेल्याच्या बाबतीत त्यातील निम्म्या मेदातून आल्या असे धरले, तर सुमारे ११ ग्रॅम मेद जळाला. न खाता निघालेल्याच्या बाबतीत दोनतृतीयांश धरल्या, तर सुमारे १५ ग्रॅम. फरक चार ग्रॅमचा, म्हणजे एका लहान चमच्याभर तेलाचा. आणि तोही टिकत नाही, कारण सकाळी मेद जास्त वापरला तर दिवसाच्या उरलेल्या भागात शरीर साखर जास्त वापरून हिशेब बराचसा बरोबर करते. अमेरिकेतील ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २० तरुणींवर चार आठवड्यांचा अभ्यास केला. सर्वांना कमी उष्मांकांचा आहार होता. अर्ध्याजणींनी रिकाम्या पोटी आणि अर्ध्याजणींनी खाऊन, आठवड्यातून तीन दिवस तासभर व्यायाम केला. दोन्ही गटांचे वजन उतरले, आणि दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. अभ्यास लहान होता हे खरे, पण वरील हिशेबाशी तो जुळतो.

इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचा २०१९ चा अभ्यास थोडी वेगळी बाजू दाखवतो. वजन जास्त असलेल्या पुरुषांच्या एका गटाने सहा आठवडे न्याहारीपूर्वी व्यायाम केला तेव्हा, न्याहारीनंतर व्यायाम करणाऱ्या गटाच्या तुलनेत, व्यायामाच्या वेळी जळणाऱ्या मेदाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट भरले आणि इन्शुलिनला शरीर अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागले. वजन मात्र दोन्ही गटांत सारखेच उतरले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या, परंतु अद्याप औषध सुरू नसलेल्या माणसाला यात काही लाभ असू शकतो. पोटाचा घेर कमी करण्यासाठी निघालेल्याने मात्र सकाळच्या कोऱ्या पोटापेक्षा दिवसभराच्या ताटाकडे अधिक लक्ष द्यावे.

पहिली पायरी: आपण न खाता निघण्याच्या स्थितीत आहोत का, हे तपासावे

मधुमेहासाठी इन्शुलिन घेणाऱ्यांनी, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय रिकाम्या पोटी व्यायामाला निघू नये. ही औषधे साखर खाली आणत राहतात, व्यायामानेही ती खाली येते, आणि दोन्ही एकत्र आल्यास ती धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. घरी ग्लुकोमीटर असेल तर निघण्यापूर्वी साखर पाहावी. ती ९० च्या खाली असल्यास आधी थोडे खावे, आणि ती ७० च्या खाली असल्यास व्यायाम न करता लगेच साखर घ्यावी. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका बराच कमी असतो. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी दीर्घ उपवास आणि कष्टाचा व्यायाम एकत्र करणे टाळावे, कारण त्यांच्या रक्तातील आम्लता वाढण्याचा धोका असतो, आणि साखरेचा आकडा फारसा न वाढताही तसे घडू शकते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर प्रकारची गोळी चालू असल्यास साखर उतरल्यावर होणारी छातीची धडधड जाणवत नाही, म्हणून अशा व्यक्तीने घाम सुटण्याकडे विशेष लक्ष ठेवावे.

गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातील मुले, जठरव्रणाचा त्रास असलेले, आणि नुकतेच मोठ्या आजारातून उठलेले यांनीही थोडे खाऊनच निघावे. रक्तक्षयाचा उल्लेख मी मुद्दाम वेगळा करतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. शेतातील काम, घरकाम आणि सर्वांच्या शेवटी जेवणे, या आपल्याकडच्या रीतीत अनेक बायका तो अंगावर काढतात. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर ऑक्सिजन कमी पोहोचतो, आणि मेद जाळण्यासाठी तर ऑक्सिजनच लागतो. दोन जिने चढल्यावर धाप लागत असेल, डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू फिकी दिसत असेल, तर व्यायामाचे वेळापत्रक आखण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

चालताना छातीत दडपण येणे, डावा हात किंवा जबडा दुखणे, हे ज्यांना पूर्वी जाणवले आहे त्यांनी हृदयाची तपासणी करूनच सुरुवात करावी. त्यांच्या बाबतीत खाऊन की न खाता हा प्रश्न नंतरचा आहे.

दुसरी पायरी: आदल्या रात्रीचे जेवण

सकाळच्या रिकाम्या पोटीच्या व्यायामाची तयारी रात्री होते. रात्री साडेसात ते साडेआठच्या दरम्यान पोटभर, पण जड न वाटणारे जेवण घ्यावे. ज्वारीची भाकरी यासाठी उत्तम आहे; सुमारे ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके मिळतात, आणि तुरीचे वरण, पिठले किंवा मटकीची उसळ सोबत असली की प्रथिनेही मिळतात. वजन कमी करण्याच्या घाईत काहीजण रात्री जेवणच सोडतात आणि पहाटे धावायला येतात. दुपारी एकला जेवलेला माणूस सकाळी सहाला सतरा तासांचा उपाशी असतो. त्याच्या यकृताची कणगी तळाला गेलेली असते, आणि त्याला आलेली चक्कर ही सकाळच्या न खाण्याची नसून रात्रीच्या न जेवण्याची असते.

तिसरी पायरी: उठल्यावर पाणी, आणि चहाचा प्रश्न

रात्रभरात श्वासातून, घामातून आणि लघवीतून बरेच पाणी जाते. उठल्यावर दीड-दोन पेले साधे पाणी सावकाश प्यावे आणि निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे थांबावे. आपल्या भागात हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो. माणसाला वाटते, आपल्याला घाम आलाच नाही. हे पडताळण्याचा सोपा उपाय आहे. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर कमी कपड्यांत वजन करावे, आणि जेवढे किलो कमी भरेल तेवढे लिटर पाणी गेले असे समजून ते दिवसभरात भरून काढावे. उन्हाळ्यात सात-साडेसातपर्यंत व्यायाम संपलाच पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पारा दहा अंशांच्या खाली जातो तेव्हा तहान लागत नाही, पण पाण्याची गरज तेव्हाही असते.

चहाविषयी मला सर्वाधिक विचारले जाते. दोन चमचे साखर आणि दूध घातलेला कपभर चहा घेतल्यावर पोट शास्त्रीय अर्थाने रिकामे राहत नाही, कारण त्यातून आठ-दहा ग्रॅम साखर जाते आणि इन्शुलिन थोडे वाढते. परंतु चालणाऱ्याला त्याने काहीही अपाय नाही. ज्याला चहाशिवाय पाऊल उचलत नाही त्याने अर्धा कप चहा घेऊन निघावे. चहाच्या नियमामुळे चालणेच बंद पडले, असे मात्र होऊ देऊ नये. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी कोऱ्या पोटी चहा टाळावा.

चौथी पायरी: पहिले दोन आठवडे केवळ चालणे

पहिल्या आठवड्यात रोज वीस मिनिटे, दुसऱ्या आठवड्यात रोज तीस मिनिटे चालावे. वेग मोजण्यासाठी घड्याळ किंवा यंत्र लागत नाही. सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, हा योग्य वेग. दोन-दोन शब्द तोडून बोलावे लागत असेल, तर साखरेचा वाटा वाढला आहे असे समजून वेग कमी करावा. एकट्याने चालणाऱ्याने मनातल्या मनात न म्हणता हरिपाठातील एक अभंग, चाल न लावता, बोलल्यासारखा मोठ्याने म्हणून पाहावा. मध्येच श्वास तुटला नाही तर वेग ठीक आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीवर पहाटे अनेकजण चढतात आणि नवशिक्यांनाही तो मोह होतो. चढावर त्याच वेगाने चालताना कष्ट दुप्पट होऊ शकतात, म्हणून पहिले दोन आठवडे सपाट रस्ताच निवडावा. खिशात दोन-तीन खजूर किंवा गुळाचा खडा ठेवावा आणि निदान पहिले काही दिवस एकट्याने जाऊ नये.

पाचवी पायरी: तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत

तिसऱ्या आठवड्यापासून चालण्याचा वेळ चाळीस ते पन्नास मिनिटांपर्यंत न्यावा. आठवड्यातून दोन दिवस त्यात दोन-दोन मिनिटांचे जलद चालीचे किंवा हलक्या धावण्याचे चार तुकडे घालावेत, आणि आणखी दोन दिवस बैठका, जोर, पायऱ्या चढणे असे ताकदीचे व्यायाम करावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. सहाव्या आठवड्यापर्यंत तेथे पोहोचता येते. ताकदीच्या व्यायामाच्या दिवशी थोडे खाऊन जावे, असे माझे मत आहे. काही न खाताही तो करता येतो, पण शेवटच्या बैठकांत जोर राहत नाही, आणि त्या शेवटच्या बैठकांतूनच ताकद वाढते.

कधी खाऊनच निघावे, आणि काय खावे

व्यायाम तासाभरापेक्षा जास्त चालणार असेल, वेगाने धावण्याचा सराव असेल, किंवा रात्रीचे जेवण झाले नसेल, तर खाऊन निघावे. अर्धा तास हाताशी असेल तर एक केळे पुरे. त्यातून सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके मिळतात, आणि अर्धापूरच्या केळ्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना याहून सोपा उपाय नाही. राजगिऱ्याचा लाडू किंवा तीन-चार खजूरही चालतात. दोन-तीन तास असतील तर भाकरी आणि दूध, पोहे किंवा धपाटे खाता येतील. शेंगदाणे पौष्टिक असले तरी त्यांत तेल जास्त असल्याने ते पोटात बराच वेळ राहतात, म्हणून धावण्याच्या आधी मूठभर शेंगदाणे खाऊ नयेत. ते नंतरसाठी ठेवावेत. काही लोकांना सरबत किंवा ग्लुकोजचे पाणी पिऊन अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम सुरू केल्यास सुरुवातीलाच अंग थरथरल्यासारखे होते, कारण वाढलेले इन्शुलिन आणि काम करणारे स्नायू दोघेही एकाच वेळी रक्तातील साखर ओढून घेतात. असा अनुभव आल्यास साखरेच्या पाण्याऐवजी केळे किंवा भाकरी घ्यावी.

व्यायामानंतर तासाभरात न्याहारी व्हावी. नुसत्या बिस्किटांवर भागवू नये. मोड आलेली मटकी किंवा मूग, दूध, अंडी, यांपैकी काहीतरी असावे. स्नायू झिजण्याची भीती बाळगणाऱ्यांसाठी एवढे सांगतो की रात्रभराच्या उपवासानंतरच्या तासाभराच्या चालण्याने स्नायू झिजत नाहीत. ते झिजतात दिवसेंदिवस अपुरे खाल्ल्याने, कारण कणगी रिकामी झाल्यावर यकृत स्नायूंतील प्रथिनांपासून साखर तयार करू लागते.

उपवासाचे दिवस

आपल्याकडे हा भाग टाळून चालत नाही. नवरात्रात असंख्य घरांत नऊ दिवसांचे उपवास असतात, आणि त्याच सुमारास गावोगावचे तरुण तुळजापूरहून भवानी ज्योत घेऊन आळीपाळीने धावत, पुष्कळदा अनवाणी, आपल्या गावी पोहोचतात. मी या श्रद्धेचा आदर करतो, आणि म्हणूनच ज्योत नेणाऱ्यांना सांगतो की धावण्याचा एकेकाचा पल्ला लहान ठेवावा, सोबतच्या गाडीत पाणी, केळी आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी असावे, आणि उपवास करणाऱ्याने फराळ तरी चुकवू नये. साबुदाण्याची खिचडी ही बहुतांशी कर्बोदके आणि शेंगदाण्याचे तेल आहे. ऊर्जा तिच्यातून मिळते, पण प्रथिने थोडीच, म्हणून दूध किंवा दही सोबत घ्यावे. निरंकार उपवासाच्या दिवशी, म्हणजे पाणीही घ्यायचे नसते त्या दिवशी, व्यायाम बंद ठेवावा.

काही वर्षांपूर्वी नवरात्रातच माझा एक विद्यार्थी वेगाच्या सरावात चौथ्या फेरीनंतर मैदानावर खाली बसला. चेहरा पांढरा पडला होता, अंगाला गार घाम सुटला होता, विचारलेले त्याला समजत नव्हते. साखरेचे पाणी दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तो सावरला. त्याचा उपवासाचा पाचवा दिवस होता आणि आदल्या दिवशी दुपारनंतर त्याने काही खाल्ले नव्हते. चूक माझी होती, कारण सराव सुरू करण्यापूर्वी मी विचारले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक सकाळी पहिला प्रश्न मी रात्रीच्या जेवणाचाच विचारतो.

रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्यांनी इफ्तारच्या आधीच्या तासात सावकाश चालावे, म्हणजे लगेच पाणी आणि अन्न मिळते. जोराचा व्यायाम करायचा असल्यास तो इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी करावा. उन्हाळ्यातील रोज्यात दुपारी मैदानावर जाणे पूर्णपणे टाळावे.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. ६० किलोच्या मुलाला १६०० मीटरसाठी सुमारे १०० किलोकॅलरी, म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम साखर लागते, आणि ती त्याच्या पायांत आधीच असते. केवळ त्या धावण्यासाठी सकाळी पोट भरण्याची गरज नाही. अडचण वेगळीच असते. उमेदवार पहाटे मैदानावर हजर होतात, कागदपत्रांची तपासणी आणि मोजमाप होईपर्यंत ऊन चढते, आणि प्रत्यक्ष धावण्याची वेळ येते तेव्हा अनेकांचा बारा-चौदा तासांचा उपवास झालेला असतो. म्हणून पिशवीत केळी, खजूर आणि पाणी ठेवावे आणि वाट पाहताना थोडे थोडे खावे. सरावाच्या काळात हलकी, लांब पल्ल्याची धाव न खाता आणि वेगाची धाव खाऊन, अशी वाटणी करावी. चाचणीच्या दिवशी जे खाणार ते सरावात निदान चार-पाच वेळा खाऊन पाहिलेले असावे. मित्राने दिलेले नवे पेय त्या दिवशी प्रथमच घेऊ नये.

थांबण्याची लक्षणे

हातांना कंप, एकाएकी गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात खड्डा पडल्यासारखे वाटणे, विनाकारण चिडचिड, बोलण्यात गोंधळ, यांपैकी काहीही जाणवले तर त्याच जागी बसावे. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा तेवढ्याच गोडीचा गूळ अथवा खजूर घ्यावा, पंधरा मिनिटे थांबावे, आणि बरे न वाटल्यास तेवढेच पुन्हा घ्यावे. बरे वाटल्यावर भाकरी किंवा केळे खावे, आणि त्या दिवशी पुढे व्यायाम करू नये. माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात पाणी किंवा साखर अजिबात घालू नये. त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घाम फार गेला असेल आणि पायांत गोळे येत असतील, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा लहान सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट-घोट प्यावे. प्रमाण यापेक्षा जास्त खारट करू नये.

वहीत काय लिहावे

एक साधी वही ठेवावी आणि रोज चार गोष्टी लिहाव्यात: रात्रीच्या जेवणाची वेळ, सकाळी काय घेतले, किती मिनिटे चाललात, आणि परतल्यावर कसे वाटले. पहिल्या आठवड्यात एक ठरावीक अंतर ठरावीक वेळात चालून, थांबताच मनगटावरची नाडी पंधरा सेकंद मोजावी, तिला चाराने गुणावे आणि आकडा लिहून ठेवावा. सहाव्या आठवड्याच्या शेवटी तेच अंतर तेवढ्याच वेळात, शक्यतो तशाच हवेच्या सकाळी चालून नाडी पुन्हा मोजावी. ती कमी भरली तर त्याच वेगाचे कष्ट शरीराला आता हलके वाटू लागले आहेत. पूर्वी जेथे साखर जास्त लागत होती तेथे आता मेदावर अधिक भागते आहे, आणि चालण्यात आणखी दहा मिनिटे वाढवायला हरकत नाही. कमी भरली नाही तर पुढील दोन आठवडे तोच क्रम चालू ठेवावा, आणि वहीतील रात्रीच्या जेवणाच्या वेळा एकदा नीट वाचाव्यात.